जांभळ्या सालीचे दाणे

शिवलीलाच्या सासूने आयुष्यभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही आणि शिवलीलाने शेंगदाण्याचं. अगदीच वेळ आली तर ती ‘ते’ म्हणायची. "ह्यात ते आहे का हो?" असं तिने सोलापुरातल्या हॉटेलवाल्यांना, लग्नातल्या आचाऱ्यांना आणि वाढदिवस करणाऱ्या आयांना इतक्यांदा विचारलं होतं, की समोरचा माणूस आधी तिच्याकडे बघायचा आणि मग तिच्या नवऱ्याकडे. कारण सोलापुरात दाण्याचं कूट भाजीत नसलं तर आमटीत असतं, आमटीत नसलं तर कोशिंबिरीत असतं, आणि उपासाच्या दिवशी दुसरं काही नसतंच. शिवाय तिचा नवरा सिद्धाराम हत्तुरे हा ‘चन्नाक्का’ छाप शेंगाचटणी आणि शेंगापोळीचा अर्धा मालक.

अर्धी मालकीण म्हणजे खुद्द चन्नाक्का, सिद्धारामची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी परतली, आईचं उखळ ताब्यात घेतलं आणि बघता बघता बाळीवेशीतल्या घराचा कारखाना करून पाकिटावर स्वतःचं तोंड छापून मोकळी झाली. कपाळाला विभूती, डोळ्यांत जरब. त्या तोंडाकडे बघून लोक पाकीट खाली ठेवायला घाबरत असावेत, असं शिवलीलाला नेहमी वाटे. पण पोळी तशीच होती. चव कधी बदलली नाही. नवं सारण मळलं की जुन्या सारणातलं चमचाभर त्यात घालायचं, म्हणजे चवीची ओळ तुटत नाही, ही चन्नाक्काच्या आईची पद्धत. तिला घरात ‘सांधा’ म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला अक्काने तो छोटा पितळी चमचा शिवलीलाच्या हातात दिला होता. "घाल. आता तू आमची."

अशा या घरात नीलांबरी जन्मली. दीड वर्षाची असताना बाप कारखान्यातून आला, त्याने तिला उचललं आणि तिने त्याचं बोट तोंडात घातलं. पाचव्या मिनिटाला ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छातीतून शिट्टी वाजायला लागली. दवाखाना जवळ होता म्हणून पोर वाचली. डॉक्टरांनी ‘ते’ कायमचं वर्ज्य सांगितलं. शिवलीलाने त्याच आठवड्यात विजापूर रोडला दोन खोल्या बघितल्या.

तेव्हापासून सिद्धाराम रोज संध्याकाळी कारखान्यातच अंघोळ करायचा, धुतलेले कपडे चढवायचा आणि पाव्हण्यासारखा घरी यायचा. चन्नाक्का सणासुदीला येऊन इमारतीच्या फाटकाशी उभी राहायची. तिच्या पदरात, केसांत, नखांत दाणा होता. अंघोळीने जातो असं डॉक्टर म्हणत, पण शिवलीलाचा अंघोळीवरचा विश्वास नवऱ्यापुरताच होता. नीलू गॅलरीतून हात हलवायची. खालून आत्या ओरडायची, "केवढी झालीस गं! वळ की जरा, वेणी दाखव!" नीलू वळून वेणी दाखवायची. मग आत्या डोळ्याला पदर लावायची आणि जाता जाता शिवलीलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "मी काय विष विकते का गं?"

शिवलीलाच्या कमरेच्या पिशवीत औषध भरलेली तयार सुई असायची, श्वास अडकला तर नीलूच्या मांडीत खुपसायची. अशा वेळी ती त्या पिशवीची चेन उघडायची आणि बंद करायची. चर्र, चर्र. नीलूला झोप लागायची ती याच आवाजावर.

*

नीलूला सतरावं लागलं आणि बाजारात बदललेला दाणा आला.

त्याची गोष्ट सांगायची तर अशी. शेंगदाणा हे झाडाचं बाळ. मातीत पडल्यावर त्याला वाढायला शिदोरी लागते, म्हणून झाड त्यात तेल आणि प्रथिनं भरून ठेवतं. त्यातली चार-पाच प्रथिनं अशी, की काही माणसांच्या शरीरातला पहारेकरी त्यांना चोर समजतो आणि एका चोरापायी अख्ख्या घराला आग लावतो. प्रथिनांचा दोष नाही, पहारेकऱ्याचाही हेतू वाईट नाही. पण माणूस मरतो. शास्त्रज्ञांनी पहारेकऱ्याला समजावण्याचा नाद सोडला आणि दाण्यातली ती प्रथिनं बनवणारी जनुकं, शिवण उसवावी तशी, एकेक करून बंद केली. झाडानेही फारसं मनाला लावून घेतलं नाही, रिकामी जागा दुसऱ्या प्रथिनांनी भरून काढली. दाणा तेवढाच, तेल तेवढंच. फक्त जुन्या-नव्याची गल्लत होऊ नये म्हणून एक जास्तीचं जनुक जागं केलं, सालीत जांभळा रंग भरणारं.

फरसाणवाले, चिवडेवाले, बिस्किटवाले सगळे त्यावर तुटून पडले. आणि नीलूला लहानपणापासून बघणाऱ्या डॉक्टर नसरीन मुल्ला यांनी शिवलीलाला फोन केला. "घेऊन या नीलूला. इथे माझ्या डोळ्यांसमोर खाऊ घालून बघू."

दवाखान्यातल्या त्या खोलीत सगळी तयारी होती. सुया, नळ्या, प्राणवायू, आणि एका वाटीत जांभळे दाणे. शिवलीला खुर्चीच्या टोकावर बसली होती. नीलू एका कानात गाणी लावून फोनमध्ये डोकं घालून बसली होती, जणू दात दाखवायला आली होती.

"डॉक्टर, बाहेर पाकिटात हाच दाणा घातलाय हे कशावरून ओळखायचं?"

"सालीवरून. जांभळी साल म्हणजे नवा दाणा."

"नक्की?"

डॉक्टर मुल्ला खोटं बोलत नसत, हा त्यांचा गुण शिवलीलाला फार त्रासाचा वाटे. "नक्कीच्या जवळपास. खरं सांगू का, दाण्याची साल त्याची स्वतःची नसते, आईची असते. ज्या झाडाला शेंग लागली, त्या झाडाच्याच अंगाची. आतला दाणा मात्र आई-बाप दोघांचा. शेंगेचं फूल बहुतेक आपल्याच परागावर भागवतं. पण एखादी मधमाशी शेजारच्या जुन्या शेतातून पराग घेऊन आली, तर वरून साल जांभळी आणि आत जुन्याचा अंश, असं होऊ शकतं. म्हणून ती शेतं लांब ठेवतात, पोत्यापोत्याची तपासणी करतात. काळजी करू नका."

‘काळजी करू नका’ हे शब्द ऐकले की शिवलीलाचा हात पिशवीच्या चेनवर जायचा. चर्र, चर्र.

नीलूला आधी कणभर दिलं. मग पाव दाणा. मग थांबले. मग अर्धा. मग एक, दोन, मूठभर. शिवलीला तिच्या मानेकडे बघत होती. एक शीर उडत होती, पण ती तर सगळ्यांचीच उडते. दुपार कलली. काहीही झालं नाही. इतकं काहीही झालं नाही, की शिवलीलाला रडूही येईना.

"कसं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

नीलूने जीभ फिरवली. "एवढंच? सगळं गाव ह्याच्यावर जीव टाकतं? हे तर भाजलेल्या मातीसारखं लागतंय."

दारात उभा असलेला सिद्धाराम डोळे पुसत होता. तरी धंदा सुटेना. "भाजायला जरा कमी पडलंय," तो म्हणाला.

*

त्या संध्याकाळी सिद्धाराम पंधरा वर्षांत पहिल्यांदा कारखान्याच्या कपड्यांत घरी आला. गावाबाहेर फक्त जांभळा दाणा भाजताना घातलेला कोरा सदरा होता, तरी शिवलीला दारात हात आडवा लावून उभी राहिली. नीलू तिच्या हाताखालून निसटली आणि बापाच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली.

"बाबा, तुमचा वास असा आहे?"

सिद्धारामने बाही नाकाशी नेऊन स्वतःच हुंगून बघितली.

आणि मग नीलू सुटली. कॉलेजच्या कट्ट्यावर चिवडा, मैत्रिणीकडे भेळ, बसस्टॉपवर चिक्की. पाकिटं आता बोलायची. फोन समोर धरला की पाकीट आपल्या तोंडाने सांगायचं, आत काय आहे, कुठल्या रानातलं आहे. नीलूच्या खोलीतून दिवसभर पाकिटांची बडबड ऐकू यायची. शिवलीला आत डोकावायची, पोरीचा श्वास ऐकायची, रिकामी पाकिटं उचलून पुन्हा बोलायला लावायची. पंधरा वर्षं ती डोळ्यांत तेल घालून जागली होती आणि आता म्हणे पहारा उठला. उठला तर उठला, पण पहारेकऱ्याने जायचं कुठे?

"आई," नीलू एकदा जेवताना म्हणाली, "तू माझ्याशी बोलताना माझ्या घशाकडे का बघतेस?"

"मी? मी कुठे बघते?"

"आत्ता बघतेयस."

शिवलीलाने मान खाली घातली आणि भाकरीचे उगाच चार तुकडे केले.

एक भीती घर खाली करते न करते तोच दुसरी सामान घेऊन दारात उभी. एके सकाळी न्हाणीघरातला कचऱ्याचा डबा रिकामा करताना शिवलीलाला त्यात एक पट्टी सापडली. पांढरी, बोटभर लांबीची, मध्ये एक गुलाबी रेघ. टिश्यूत गुंडाळलेली. लपवायचं म्हणून गुंडाळलेली.

तिने ती पट्टी तशीच पदराखाली धरून सिद्धारामला उठवलं.

"अहो, पट्टी."

"कसली?"

"तसली."

सिद्धाराम उठून बसला. "कुणाची?"

"माझी असेल का हो ह्या वयात?"

सिद्धारामने पट्टी उजेडात धरून बघितली. "एकच रेघ आहे," तो म्हणाला. "एक म्हणजे काही नाही ना?"

"काही नाही. पण बघायची वेळ आली म्हणजे...?"

"तू विचार तिला."

"मी काय विचारू? आजवर मी तिला एकच प्रश्न विचारलाय, काय खाल्लंस. दुसरं काही विचारायला मला येत नाही हो."

तिने विचारलं नाही. पट्ट्या मात्र सापडत राहिल्या. कधी दप्तराच्या कप्प्यात, कधी टिश्यूत. नेहमी एक रेघ. शिवलीला आता पोरीच्या घशाकडेही बघायची आणि पोटाकडेही. चेन उघडायची, बंद करायची.

*

संक्रांत आठवड्यावर आली तसा चन्नाक्काचा फोन आला.

"शेड तयार आहे गं. बाळीवेशीत नाही, गावाबाहेर, कारखान्यांच्या वसाहतीत. जुना दाणा तिथं चपलेला लागूनसुद्धा जात नाही. चाळणी नवी, सूप नवं, यंत्र नवं, बायका नव्या. सगळं नवं, मी एकटी जुनी. मी पण साबणाने घासून घेतले बघ."

"हो अक्का."

"हो काय? जांभळ्या दाण्याची शेंगापोळी पुण्याला चाललीय. आमच्या नीलूसारखी किती लेकरं असतील, त्यांनी कधी पोळी बघितली नसेल. पहिली पोळी नीलू खाणार. फोटो काढायचा, पाकिटावर घालायचा, माझ्या शेजारी. हत्तुरेंची लेक खाते ती पोळी."

"फोटो कशाला, अक्का?"

"कशाला म्हणजे? पंधरा वर्षं मी फाटकावर उभी राहिले शिवलीला. आता तू म्हण, फोटो कशाला."

शिवलीलाने फोन ठेवला. पण नीलूने सगळं ऐकलं होतं.

"मी जाणार," ती म्हणाली.

"तिथं घाई असणार, माणसं असणार, कोण कुठून काय हात लावून..."

"आई, मला आत्याचा चेहरा फक्त वरून माहितीये. भांग, टाळू आणि हात हलवताना दिसणाऱ्या बांगड्या. मला एकदा समोरून बघायचंय."

मग मीही येणार, असं शिवलीला म्हणाली. नीलूने दोन अटी घातल्या. त्या दिवशी शिवलीलाने तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि सुईची पिशवी नीलूच्या कमरेला राहील. शिवलीलाने पिशवी सोडून दिली. नंतर दिवसभर तिचे हात काहीतरी हरवल्यासारखे कमरेवर जात राहिले.

*

शेड दवाखान्यासारखी स्वच्छ होती. बायका टोप्या घालून उभ्या होत्या. चन्नाक्कानेही टोपी घातली होती, त्यामुळे विभूती अर्धीच दिसत होती आणि जरबही अर्धीच. दाराबाहेर विजेचा टेम्पो झेंडूच्या माळा घालून तयार होता, सकाळच्या पोळ्यांची खोकी भरून झाली होती. सकाळीच तपासणीवाल्यांनी येऊन कुटाचा नमुना बघून हिरवा शिक्का मारला होता. पाकिटावर चन्नाक्काचं तोंड होतं, शेजारी नीलूसाठी मोकळी जागा होती, पुढच्या खेपेसाठी.

नीलू आत आली आणि दोघी चार हातांवर थांबल्या.

"काय बघलालीस?" चन्नाक्का म्हणाली. आवाज फुटत होता.

"तुम्ही वरून जास्त उंच वाटायच्या, आत्या."

"वरून बुटकं दिसतं माणूस, उंच कसं दिसेल? एवढं शिकून हेच का?" आणि ती हसली. हात पुढे केला, मग आपणच मागे घेतला. सवयच ती. "आधी पोळी. मग जवळ ये."

फोटोवाल्यासाठी अक्काने थोडे दाणे हाताने चोळले आणि सुपात घेऊन पाखडले. जांभळ्या साली हवेत उडाल्या आणि कोपऱ्यात पाकळ्यांसारख्या साचल्या. फार देखणं दिसलं ते. शिवलीला मात्र सुपात उरलेल्या दाण्यांकडे बघत राहिली. उघडे, गोरे, कुठल्याही दाण्यासारखे दाणे. शास्त्रज्ञांनी एवढी बुद्धी खर्च करून खूण केली ती सालीवर, आणि ह्या मुलखात कूट करायचं म्हणजे पहिलं काम साल उडवून देणं. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी कूट नेहमी आयतं आणलं असणार. तिच्या तोंडावर आलं होतं, पण अक्षर काढायचं नव्हतं. तिने पदराचं टोक पिळलं.

पोळी आली. पातळ, खुसखुशीत, वर तुपाचा गोळा विरघळत होता. फोटोवाला म्हणाला, "हां, तोंडाजवळ न्या. हसा."

"एक मिनिट, आत्या," नीलू म्हणाली.

तिने खिशातून एक पट्टी काढली. पांढरी, बोटभर.

शिवलीलाच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. सिद्धारामने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. नीलूने पोळीचा तुकडा मोडून बाटलीच्या झाकणातल्या थेंबभर पाण्यात चुरडला, पट्टीचं टोक त्यात बुडवलं आणि पट्टी टेबलावर ठेवली, शांतपणे, रोजचं काम असल्यासारखी. रोजचंच होतं ते.

"तू... ह्या पट्ट्या..." अट मोडून शिवलीला बोलली.

"डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या का, साल आईची असते म्हणून? मग सालीवर विसंबून कसं चालेल? मेडिकलमध्ये मिळतात ह्या. पाकीट फोडलं की आधी पट्टी." नीलूने आईकडे बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तूही पट्ट्या घेऊन माझ्या मागे फिरली असतीस. तुला वाटलं असतं, मी घाबरते."

"मग घाबरत नाहीस?"

"घाबरते की. पण माझं मी घाबरते."

शिवलीलाला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्हींपैकी काय बाहेर काढावं ते ठरेपर्यंत नीलूचा चेहरा बदलला.

"दोन रेघा," ती म्हणाली.

सिद्धारामच्या डोक्यात अजून जुनंच गणित चालू होतं. त्याने खुर्चीची पाठ धरली. "दोन?"

"बाबा, असं काय करताय? दोन म्हणजे ह्यात जुना दाणा आहे."

चन्नाक्काची मान ताठ झाली. "पट्टी नासकी असेल. सकाळी शिक्का मारून गेलेत तपासणीवाले."

"त्यांनी काय तपासलं?"

"कूट."

नीलूने दुसरी पट्टी काढली. डब्यातलं कूट घेतलं. एक रेघ. तिसरी पट्टी, मळलेल्या सारणात. सगळे वाकून बघत होते. दोन.

"कुटात नाही, सारणात आहे," नीलू म्हणाली. "मध्ये काय घातलं आत्या?"

"गूळ. नवा. वेलदोडा. नवा. खसखस, तीपण नवी."

"आणखी?"

"आणखी काही नाही गं! देवाशपथ, आणखी काही नाही."

ती खरं बोलत होती. शिवलीलाला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती खरं बोलतेय. आणि त्याच वेळी शिवलीलाच्या तळहाताला काहीतरी आठवलं. थंड, लहान, पितळेचं. लग्नानंतरची पहिली संक्रांत. आता तू आमची. तिने ओठ दाबून धरले, नीलूकडे बघितलं.

"आई, तुला माहितीये," नीलू म्हणाली. "बोल."

"अक्का," शिवलीला हळूच म्हणाली, "सांधा?"

"सांधा काय, घातलेल्यात मोजतात का? तो..." चन्नाक्काचा हात आपोआप कमरेशी गेला. तिथे चिमुकली पितळी डबी खोचलेली होती, तिला चमचा बांधलेला. "तो असतोच की गं."

नवी चाळणी, नवं सूप, नवं यंत्र. आणि त्यात पन्नास वर्षांचं चमचाभर सारण. कुणी लपवलं नव्हतं, कुणी विसरलंही नव्हतं. घरातल्या कुणालाही ते काही वेगळं घालणं आहे असं वाटलंच नव्हतं. सिद्धारामला माहीत होतं. शिवलीलाने तर लग्नानंतर स्वतःच्या हाताने सांधा घातला होता.

बाहेर टेम्पोवाल्याने भोंगा दिला. पुण्याला वेळेत पोचायचं होतं.

"चमचाभराने काय होतंय एवढ्या सारणात?" घोळक्यातली एक बाई पुटपुटली.

"मला बाबांच्या बोटाने झालं होतं," नीलू म्हणाली.

कुणीतरी गडबडीत टेबलावरचं पाकीट सरकवलं आणि ते नीलूच्या फोनसमोर आलं. पाकीट बोलायला लागलं, चन्नाक्काच्याच आवाजात, ठसक्यात. "मी चन्नाक्का बोलते. ह्यात जुना दाणा एकसुद्धा नाही. लेकरांनो, बिनघोर खा."

"बंद कर गं ते," चन्नाक्का म्हणाली. "खोटं बोललाली ती बाई."

ती बाहेर गेली. सिद्धाराम मागे धावला. "अक्का, ऐक, पहिली खेप आहे. पुण्याचा माणूस परत उभा करणार नाही. आपण जरा..."

"सिद्धा, आपली पोर श्वास घेत नव्हती तेव्हा तू दवाखान्यात होतास का नव्हतास?"

सिद्धाराम बाजूला झाला. चन्नाक्काने टेम्पोचा मागचा फाळका स्वतःच्या हाताने पाडला. "उतरव. सगळं उतरव. हे बाळीवेशीच्या दुकानात जुन्या पाकिटात जाईल. इथली भांडी घासायला घ्या. यंत्र खोला."

खोकी उतरायला लागली. झेंडूची माळ तुटून खाली पडली, कुणी उचलली नाही. चन्नाक्काने कमरेची डबी काढली, जरा वेळ मुठीत धरली आणि सिद्धारामच्या हातात दिली. "बाळीवेशीच्या घरी नेऊन ठेव. तिथली तिथंच राहू दे. आणि हात धू."

आत येऊन ती बाकावर बसली. टोपी काढली तेव्हा पांढरे केस सगळीकडे उडाले होते, आणि जरब कुठल्या कुठे गेली होती. समोरून बघितलं तर फार थकलेली बाई होती ती.

"इथं आता सांधा कशाचा घालू?" ती शिवलीलाला म्हणाली. "सांध्याशिवाय सारण म्हणजे कुणाचंच नाही ते. आईनं माहेरून आणलेली ओळ, माझ्यात येऊन तुटली."

ज्या बाईला शिवलीलाने पंधरा वर्षं फाटकाबाहेर ठेवलं ती आज विचारत होती, आणि ठेवलं ते बरोबरच होतं, हे आत्ता टेबलावर तीन पट्ट्यांनी मांडून ठेवलं होतं. बरोबर ठरण्यात काही मजा नाही, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"धुवून झालं की नवं कराल ना, आत्या?" नीलू म्हणाली. "त्यातलं चमचाभर मी काढून ठेवते. पुढच्या खेपेला ते घाला. आजीने पण कधीतरी पहिल्यांदा काढलंच असेल की. त्याच्या आधी कुठे सांधा होता?"

चन्नाक्का तिच्याकडे बघतच राहिली. "नवं सारण मळेपर्यंत आठ दिवस जातील आता. ते तपासणीवाले, ते शिक्के. संक्रांत जाईल."

"जाऊ दे. मला तशीही ती चव मातीसारखी लागते."

"कोण म्हणतं?" चन्नाक्का ताडकन ताठ झाली. "भाजायला कमी पडलं असेल!"

नीलू खळखळून हसली. मग उठली आणि आत्याच्या समोर, पण हातभर लांब, उभी राहिली.

"हात धुवून या."

"कशाला?"

"धुवून या तर."

चन्नाक्का नळावर गेली. साबण लावला, पुन्हा लावला, नखं घासली, कोपरापर्यंत घासलं, बांगड्या मागे सारून खालचं मनगटही. लग्नाच्या मुलीने मेंदी काढावी तसे हात पुढे करून ती परत आली. त्यांतून पाणी ठिबकत होतं. नीलूने शेवटची पट्टी काढली आणि तिचं टोक आत्याच्या तळहातावर, रेषा न् रेषा, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सगळीकडे फिरवलं.

"गुदगुल्या होलालेत," चन्नाक्का पुटपुटली.

"हलू नका."

पट्टी टेबलावर ठेवली. थोडा वेळ लागतो त्याला. शेडमध्ये भांड्यांचा आवाज चालला होता. कोपऱ्यात जांभळ्या साली पंख्याच्या वाऱ्याने इकडून तिकडे सरकत होत्या. शिवलीलाचा हात कमरेवर गेला, तिथे काही नव्हतं. नीलूच्या कमरेला पिशवी होती आणि नीलूची बोटं चेनवर होती. चर्र, चर्र.

एकच रेघ उमटली.

नीलूने आत्याचा ओला हात धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. चन्नाक्काने डोळे मिटून घेतले. दुसरा हात हवेत तसाच राहिला, मग तोही हळूहळू पोरीच्या वेणीवर उतरला.

शिवलीला दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. पट्टीकडे तिने बघितलं नाही. बरं, एकदा बघितलं.